शालिग्राम नाना आणि माझ्या एकशे बारा कोऱ्या फायली

मुक्ताईनगरच्या अलीकडे एका गावात केळी उत्पादकांचा संघ आहे. त्या संघाच्या कचेरीत चौतीस वर्षं काम केलेल्या शालिग्राम नानांबद्दल मला लिहायचं आहे. अडचण एवढीच की नाना कसे आहेत हे सांगायचं तर आधी माझा गाढवपणा सांगावा लागतो, आणि तो चांगला ऐसपैस आहे. तेव्हा सुरुवात माझ्यापासून करतो. तशीही मला स्वतःपासून सुरुवात करायची सवय आहे.

मी कुंदन, धुळ्याचा. देवपुरात एका कापड दुकानाच्या माडीवर आमची पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, तीही मालक योगराजभाऊंना धरून. माझ्या कार्डावर ‘सीनियर डेटा आर्किटेक्ट’ असं छापलंय. सीनियर कोणापेक्षा, ते विचारू नये, कारण हे काम करणारा कंपनीत मी एकटाच आहे. आई गल्लीत सांगते, “मन्हा पोऱ्या कंप्युटरमा शे.” माझ्या कामाचं याहून जास्त वर्णन मलाही नीट करता येत नाही.

संघाचं काम असं. नऊ गावांतले सहाशेच्या वर शेतकरी सभासद. केळीची कटाई रोज कुणाच्या ना कुणाच्या बागेत चालू. ट्रक किती येणार, नंबर कुणाचा लागणार, घड किती उतरले, वापसी म्हणजे डाग पडलेला किंवा बारीक म्हणून बाजूला काढलेला माल किती, या सगळ्याच्या नोंदी. आधी त्या रजिस्टरात होत्या. गेल्या पंधरा वर्षांत तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळे प्रोग्राम करून दिले होते, आणि प्रत्येकाची खात्री होती की आधीचा मूर्ख होता. मी चौथा.

मी सगळी माहिती एका जागी आणून डेटा वेअरहाऊस करायचं ठरवलं. संघाचे अध्यक्ष पितांबर आबा यांना समजावं म्हणून मी म्हणालो, “माहितीचं मोठं गोदाम, आबा.” आबांनी गंभीरपणे विचारलं, “पत्र्याचं का स्लॅबचं?” कमिटी हसली. मीही हसलो, पण मनात म्हटलं, या लोकांना काय कळणार.

आता या गोदामात जुन्या नोंदींचे एकशे बारा तक्ते येणार होते. प्रत्येक तक्त्याला एक कॉन्फिगरेशन फाईल लागते. तक्ता कुठून येतो, त्यात रकाने कोणते, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. एकशे बारा फायली हाताने कोण बनवत बसणार? म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक आज्ञा दिली की तो सगळे तक्ते चाळतो आणि प्रत्येकाची कोरी फाईल तयार करतो. रकान्यांची नावं आपोआप भरलेली, पुढे ‘अर्थ’ या शब्दासमोर मोकळी जागा. आज्ञेचं नाव मी ठेवलं ‘श्रीगणेशा’. त्या नावावर मी दोन दिवस खूश होतो.

कमिटीपुढे मी स्लाईड दाखवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘संपूर्ण सुरक्षित’. कारण पासवर्ड मी फायलींमध्ये लिहिलाच नव्हता, तो वेगळा कुलपात ठेवला होता. सुरक्षित म्हणजे चोरापासून, एवढीच माझी समज. एकशे बारा फायलींचं वाटोळं करायला चोराची गरज नसते, त्यासाठी मी एकटा पुरेसा आहे, हे स्लाईडवर नव्हतं.

मोकळ्या जागा भरायला माणूस हवा होता, आणि असा माणूस एकच होता. शालिग्राम नाना. सडपातळ, उंच, शर्टाच्या खिशात एकच निळं पेन, त्याला पकड यावी म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कचेरीत चाकांच्या खुर्च्या आल्या तेव्हा नानांनी आपली लाकडी सोडली नाही. “लिहता लिहता पयते ती,” म्हणाले. नोंद चुकली तर नाना तिच्यावरून एकच बारीक आडवी रेघ मारत, वर बरोबर आकडा लिहीत आणि बाजूला सही करत. खालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे, हा त्यांचा कायदा. व्हाइटनरची बाटली एकदा स्टेशनरीच्या सामानात चुकून आली, तर नाना उन्हातून चालत जाऊन ती दुकानात परत देऊन आले. चौतीस वर्षांत त्या कचेरीत काहीही पुसलं गेलेलं नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

नाना आता सुरतेला मुलाकडे कायमचे जाणार होते. नानी गेल्यानंतर गावात ते एकटेच होते आणि मुलगा ऐकत नव्हता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आठव्या दिवशीची गाडी ठरली होती. जाण्याआधी डोक्यात आहे ते सगळं उतरवून द्यायचं, हा त्यांचा चार्ज. तो एकदा नीट दिला की त्यांना कसलीही काळजी नव्हती.

दोन महिने दर मंगळवार-बुधवार मी धुळ्याहून एसटीने जायचो. नाना सांगत, कचेरीतल्या प्रमिलाबाई टाईप करत, आणि मी शेजारी बसून मोबाईलमध्ये बघत असायचो. कुणी बघितलं तर महत्त्वाचं काम चाललंय असं वाटावं अशा चेहऱ्याने. प्रमिलाबाई संघात बारा वर्षांपासून आहेत. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही. अक्का फार कमी बोलतात आणि जे बोलतात ते मला हमखास झोंबतं.

नानांनी काय काय सांगितलं म्हणून सांगू. नंबराच्या तक्त्यात ‘कारण’ नावाचा एक रकाना होता, त्यात एक ते नऊ आकडे. एक ते सहा आणि आठ सरळ होते. सात आणि नऊचा अर्थ कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून ‘बिघडलेला डेटा’ असं नाव देऊन मी त्या ओळी गाळून टाकायच्या यादीत घातल्या होत्या. नाना म्हणाले, “सात म्हंजे लग्नघर. ज्याच्या घरी लगीन हाये, त्याचा नंबर आधी लावायचा. मानूस मोकया व्हायले पाह्यजे ना भो.”

“आणि नऊ?” अक्कांनी विचारलं.

“नऊ म्हंजे सुतक. त्या घरचं कोनी बागात येत नाही. शेजारचे चार जन कटाई करून देतात. त्याचा नंबर चुकू द्यायचा नाही.”

मी मोबाईलमधून मान वर केली आणि गाळायच्या यादीतून दोन ओळी गुपचूप काढल्या. एका रकान्याचं नाव होतं ‘वाझु’. मी ते कुणाचं तरी आडनाव समजत होतो. ते निघालं ‘वादळात झुकलेली’, म्हणजे वैशाखातल्या वाऱ्याने केळी आडवी झाली तर विनानंबर उतरवलेला माल. कौतिक पाटील नावाचे दोन सभासद होते, मी त्यांना एकच समजून जोडून टाकलं होतं. नानांनी दोघांना वेगळं केलं. एक चिंचेजवळचे, एक नाल्यापलीकडचे, आणि दोघांचं गेली वीस वर्षं बोलणं नाही. असे एकशे बारा तक्ते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची फाईल भरून झाली, तेव्हा नानांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, “आता डोक्स हलकं झालं.”

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग आखाजी आली.

आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल त्या दिवशी सुरू होतं, माहेरवाशिणी घरी येतात, आणि नवं काही काढायचं तर त्याच दिवशी काढायचं. कमिटीने ठरवलं, संगणकाचं गोदाम आखाजीला सुरू करायचं, आणि तेही नानांच्या हस्ते. मी म्हणालो, “आबा, ते तर दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालंय.”

“मंग नारळ कशावर फोडायचा?” आबांनी विचारलं.

नाना काहीतरी दाबतील, पडद्यावर काहीतरी घडेल, लोक टाळ्या वाजवतील, असं काहीतरी हवं होतं. मी माझ्या सगळ्या आज्ञा आठवून बघितल्या. सगळ्यांत देखणी होती ‘श्रीगणेशा’. ती दिली की एकशे बारा हिरव्या ओळी झरझर वर सरकतात आणि शेवटी ‘सर्व फायली तयार’ असं येतं. नावही मुहूर्ताला शोभणारं. ठरलं.

त्या आज्ञेचं खरं काम काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच लिहिली होती. पण दोन महिन्यांपूर्वी ती चालवली तेव्हा फोल्डर रिकामं होतं, आणि माझ्या डोक्यात ते अजून रिकामंच होतं. लिहिण्याआधी त्या जागी काही आहे का, हे बघायला मी तिला शिकवलंच नव्हतं. तेवढं लिहायला दोन ओळी लागतात. त्या दिवसांत मी नाव शोधत होतो.

आखाजीच्या सकाळी कचेरीला आंब्याचं तोरण, संगणकाला झेंडूचा हार. हार घातला तेव्हा पंख्याच्या जागेवर फूल अडकू नये म्हणून मी फार काळजी घेतली. चाळीसेक माणसं जमली होती. नाना नवा सदरा घालून आले. मी आज्ञा टाईप करून ठेवली आणि त्यांना म्हणालो, “नाना, हे मोठं बटण. फक्त हे दाबायचं.” नानांनी आधी संगणकाला नमस्कार केला, मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने एंटर दाबलं. ओळी सरकल्या. ‘सर्व फायली तयार.’ टाळ्या, नारळ, पेढे. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी मान खाली घालून विनय दाखवला.

मग आबा म्हणाले, “ते लग्नघराचं कुठी लिहलंय, दाखव बरं.” अक्कांनी फाईल उघडली. मी पेढा खात होतो. अक्का हळूच म्हणाल्या, “कुंदनभाऊ, जरा इकडे या.”

रकान्यांची नावं होती. ‘अर्थ’ या शब्दांपुढे काहीही नव्हतं. अक्कांनी दुसरी फाईल उघडली, तिसरी, दहावी. सगळ्या कोऱ्या, जशा मी दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा बनवल्या होत्या तशा. मला एका क्षणात सगळं समजलं. तोंडातला पेढा मला ना गिळता येईना ना टाकता.

नाना वाकून बघत होते. “काय झालं अक्का?”

“नाना, सगळं कोरं दिसतंय.”

नानांनी पडद्याकडे बघितलं आणि मग आपल्या बोटाकडे. “दोनदा तं नाही दाबलं गेलं माह्याकून?”

हा तो क्षण होता. ‘नाही नाना’ असे दोन शब्द बोलायचे होते. चाळीस माणसं बघत होती, आबांची थाप अजून पाठीवर होती. मी म्हणालो, “बघतो नाना. होतं असं कधी कधी.”

नानांनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

जुनी प्रत असेल या आशेवर मी दुपारभर शोधत बसलो. आमच्या धंद्यात प्रत्येक फाईलचा जुना अवतार जपून ठेवणारी सोय असते, आणि ती मी संघाच्या संगणकावर मोठ्या डौलात बसवली होती. पण या एका फोल्डरकडे बघू नकोस, असं मीच तिला लिहून दिलेलं होतं. मशीनने बनवलेल्या फायली जपायच्या कशाला, पुन्हा बनवता येतात, असं माझं शास्त्र. नानांचे दोन महिने मशीनने बनवलेले नव्हते, हे त्या शास्त्रात बसलं नव्हतं. मी योगराजभाऊंना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, “बठ्ठं गयं?” मी म्हणालो, हो, सगळं. “कोनी करं?” मी म्हणालो, रेंज नाहीये, नंतर बोलतो. रेंज चांगली होती.

संध्याकाळच्या गाडीने मी धुळ्याला आलो. आईने मांडे आणि आमरस वाढला. मी दोन मांडे खाल्ले. तिसरा गेला नाही, एवढाच काय तो पश्चात्ताप. दुसरा दिवस मी ‘डेटा परत मिळवण्याचे प्रयत्न’ या नावाखाली घालवला, म्हणजे त्याच फोल्डरकडे पुन्हा पुन्हा बघत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला.

“कुंदनभाऊ, एक विचारू? ते बटण दाबल्यानं गेलं का नानांच्या हातून?”

मी ‘हॅलो, हॅलो’ म्हणालो, जणू आवाजच येत नव्हता.

“नाना कालपासून संगणकाच्या टेबलाजवळसुद्धा येत नाहीत. मुलाला फोन करायचा तर मोबाईल माझ्याकडे देतात, म्हणतात, तूच दाब अक्का, माझ्या बोटाचा भरवसा नाही. गावात भेटेल त्याला स्वतःहून सांगताहेत, माझ्या हातून गेलं म्हणून. तुम्ही या.” आणि त्यांनी फोन ठेवला.

धुळ्यापासून मुक्ताईनगर म्हणजे चार-साडेचार तास. त्या चार तासांत मी माझं बोलणं तयार केलं. पारोळ्यापर्यंत पहिला मसुदा झाला, त्यात ‘सिस्टीम’ हा शब्द सहा वेळा होता. जळगावात गाडी बदलली तेव्हा दुसरा झाला, त्यात ‘अनपेक्षित परिस्थिती’ होती. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या मसुद्यांमध्ये ‘मी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. एरवी तो माझ्या प्रत्येक वाक्यात असतो.

कचेरीत नाना आपल्या लाकडी खुर्चीत, टेबलापासून लांब, भिंतीकडे सरकून बसले होते. मांडीवर दोन्ही हात. मी चपला काढल्या, समोर उभा राहिलो आणि तयार केलेलं सगळं विसरलो.

“नाना, तुमच्या बोटाने काही झालं नाही.”

नानांनी मान वर केली.

“दुसऱ्या कुणीही दाबलं असतं तरी तेच झालं असतं. तो प्रोग्राम कोऱ्या फायली बनवतो. त्या जागी आधीची भरलेली फाईल आहे का, हे तो बघतच नाही. बघायला मी त्याला शिकवलं नव्हतं. आणि तुम्हाला तोच दाबायला दिला. दिसायला चांगला दिसतो म्हणून.”

“तुले हे कव्हा कयलं?”

“तेव्हाच. पेढा तोंडात होता तेव्हा.”

“मंग दोन दिवस काऊन नाही बोलला?”

“लाज वाटली नाना. लोक होते. नंतर भीती वाटली.”

नाना रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते आपला उजवा हात उचलून बघत म्हणाले, “दोन दिवस मी या बोटाकडे पाहून राह्यलो भो. चौतीस वर्सं लिहलं याच्यानं. जाता जाता यानंच बठ्ठं बुडवलं म्हनून झोप नाही लागली.” मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. दोन दिवसांत मी केलेली ती पहिली प्रामाणिक गोष्ट होती.

मग नाना म्हणाले, “अक्का, चार्जाची वही आन.”

कचेरीतलं काय कुणाच्या ताब्यात दिलं, त्याची ती वही अक्कांनी उघडून समोर ठेवली. शेवटच्या पानावर नानांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आखाजीच्या दिवशी माझ्या हातून संगणकातील एकशे बारा फायली पुसल्या गेल्या.’ खाली सही. मला ते वाचवेना. मी ते पान फाडायला हात पुढे केला, तर नानांनी चटकन माझ्या हातावर चापट मारली. चांगली जोरात.

“पान नाही फाडायचं. रेघ मार. वर लिह्य. सही कर.” आणि ट्यूबची पट्टी गुंडाळलेलं ते पेन त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी त्यांच्या ओळीवरून बारीक रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘तांत्रिक कारणाने फायली कोऱ्या झाल्या.’ नानांनी चष्मा लावून वाचलं.

“तांत्रिक कोनाचं नाव हाये?”

अक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्या हसत होत्या, मला पाठीवरून कळलं. मी तांत्रिकावरही रेघ मारली, सही केली, आणि समासात जागा शोधून लिहिलं, ‘कुंदनने लिहिलेल्या प्रोग्रामने आधीच्या फायली न बघता त्यांवर कोऱ्या फायली लिहिल्या. चूक त्याची. दोन दिवस त्याने सांगितले नाही.’ नानांनी दोनदा वाचलं. “आता बरोबर,” म्हणाले. ते पान आजही वहीत आहे. दोन रेघा आहेत, दोन्ही बारीक, आणि दोन्हींच्या खालचं स्पष्ट वाचता येतं. नवीन माणूस ते पान उघडतो तेव्हा अक्का त्याला चहा देऊन निवांत वाचू देतात.

नाना जायला पाच दिवस उरले होते. आबांनी कमिटीच्या वतीने मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग आम्ही पुन्हा बसलो. या वेळी टाईप मी करायचं आणि मोबाईल अक्कांच्या कपाटात, अशी नानांची अट.

सुरुवातीला नानांनी विचारलं, “दोन महिने बाजूले बसला व्हता. तुले काय काय याद हाये, ते सांग. तेवढं तं वाचंन.”

मी आठवून बघितलं. सात म्हणजे लग्नघर, नऊ म्हणजे सुतक, वाझु. आणि बुधवारी चहात आलं जास्त असायचं. यापलीकडे काही आठवेना. अक्कांना मात्र निम्म्याच्या वर आठवत होतं. दोन महिने त्या नुसत्या टाईप करत नव्हत्या, ऐकतही होत्या. त्या सांगत, नाना कुठे कुठे दुरुस्त करत, मी लिहीत असे. पाच दिवसांत नव्वद फायली झाल्या.

मधल्या वेळात मी प्रोग्राम सुधारला. आता तो लिहिण्याआधी बघतो. त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिला शिवत नाही आणि तसं सांगतो. पडद्यावर कोणतं वाक्य यावं, हे मी नानांना विचारलं. ते म्हणाले, “आधीपासून आहे, हात लावला नाही, असं लिह्य.” तेच घातलं. अक्का म्हणाल्या, “पण करायच्या आधी नुसतं बोलून दाखवत नाही का तो, काय करणार ते? आम्ही स्वयंपाकालासुद्धा आधी विचारतो, किती जण आहेत.” म्हणून आता तो आधी फक्त यादी दाखवतो, आणि आपण हो म्हटल्यावरच हात घालतो. आमच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांनी हे सगळं कधीच लिहून ठेवलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. ‘श्रीगणेशा’ हे नाव मात्र कुठे वाचलेलं नव्हतं, ते माझं स्वतःचं.

शेवटच्या दिवशी नानांची पिशवी कचेरीच्या दारात होती. भुसावळहून सुरतेची गाडी होती आणि आबांची जीप त्यांना सोडायला जाणार होती. मी संगणकावर तीच आज्ञा टाईप केली आणि म्हणालो, “नाना, एकदा दाबून बघा.”

नानांनी दोन्ही हात मागे घेतले. “नाही भो. तूच दाब.”

“तुम्ही दाबायला हवं.”

“नकला ठेवल्या?”

“तीन ठिकाणी. एक अक्कांच्या घरी पण आहे.”

“आनि तरी गेलं तं?”

“गेलं तर वही आहे. जागा सोडलीय मी खाली.”

नाना जरा हसले. टेबलाजवळ आले, पण चाकाच्या खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. बोट बटणावर ठेवून त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. मग आवाज आला, टक.

यादी आली. मी म्हणालो, “हो म्हणायला आणखी एकदा.” नानांनी पुन्हा दाबलं. ओळी सरकायला लागल्या. ‘आधीपासून आहे, हात लावला नाही.’ ‘आधीपासून आहे, हात लावला नाही.’ एकशे बारा वेळा. त्यांतल्या बावीस फायली अजून कोऱ्याच होत्या, पण त्यांनाही त्याने हात लावला नव्हता. आबा बाहेरून हॉर्न वाजवत होते. नानांनी मला पडदा वर न्यायला सांगितला आणि पहिल्या ओळीपासून एक एक ओळ बोट ठेवत वाचली, एकशे बाराच्या एकशे बारा. मग त्यांनी लग्नघराची फाईल उघडायला लावली, सातच्या पुढचा अर्थ वाचला, पेन खिशाला लावलं आणि पिशवी उचलली.

दोन दिवसांनी मी देवपुरात माझ्या खुर्चीत बसलो होतो. चाकांचीच आहे. मोबाईल वाजला, नानांचा नंबर.

“कुंदन, उरलेल्यातलं एक सांगाचं राह्यलं. लिह्य. नाल्यापलीकडच्या कौतिकचा नंबर चिंचेजवळच्या कौतिकच्या लगेच मांगं लावू नको. एका ट्रकात बसत नाहीत ते.”

मी लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. मग न राहवून विचारलं, “नाना, फोन कुणी लावून दिला? मुलाने?”

“तो कामावर गेला. घरात मी एकटाच हाये,” नाना म्हणाले. “कोन लावून देईन? मीच लावला.”